आधी दादांचे निदान, मग तुमची तपासणी

पत्र : ‘आम्ही सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. माझे वय ३५. माझा मोठा भाऊ ४२ वर्षांचा असून शासकीय कार्यालयात लेखा विभागात काम करतो. तीन वर्षांपूर्वी तो अबोल झाला, हिशेबात चुका करू लागला, घरात कोणी आजारी पडले तरी त्याला काही वाटेनासे झाले. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. पुढे त्याचा डावा पाय ओढू लागला. गेल्या वर्षी एकदा फिट आली, तेव्हा एमआरआय काढला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे सांगून पाच दिवस स्टेरॉइडची इंजेक्शने दिली. फरक पडला नाही. आता पुण्याच्या एका डॉक्टरांनी हा मेंदूच्या पांढऱ्या भागाचा आनुवंशिक आजार असू शकतो असे म्हटले आहे. आमचे वडील २००४ साली ४९व्या वर्षी गेले. मेंदू सुकला, एवढेच आम्हाला सांगितले होते. आत्यालाही चाळिशीत असेच झाले. बाहेरची बाधा म्हणून तिला देवऋष्याकडे नेत असत आणि शेवटी ती माहेरीच वारली. मला एक मुलगी आहे, दुसऱ्या अपत्याचा विचार चालू आहे. घरी येऊन रक्त नेणारी एक प्रयोगशाळा जनुकीय चाचणी करून देते असे कळले. ती मी लगेच करून घ्यावी का? दादाची मुलगी १७ वर्षांची आहे, तिचे काय? आई म्हणते, कसल्याही तपासण्या नकोत, बाहेर समजले तर मुलींची लग्ने व्हायची नाहीत. दादाला कार्यालयातून कारणे दाखवा नोटीस आली आहे आणि वहिनी पार थकली आहे. आम्ही सुरुवात कुठून करावी?’

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या चाचणीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या बाबतीत टाकलेले पाऊल मागे घेता येत नाही. घरी येऊन रक्त नेणाऱ्या प्रयोगशाळेला स्वतःचा नमुना सध्या देऊ नका. आनुवंशिक आजारात प्रत्येक कुटुंबातला बिघाड वेगळ्या जनुकात असू शकतो आणि एकाच जनुकातही तो वेगवेगळ्या जागी असू शकतो. त्यामुळे तो नेमका कोठे आहे हे आधी आजारी माणसाच्या रक्तातून कळावे लागते. तसे कळल्यानंतरच निरोगी नातेवाइकाच्या रक्तात तो आहे की नाही, हा प्रश्न खात्रीने विचारता येतो. तुमचा अहवाल आज ‘काही आढळले नाही’ असा आला, तर तुम्हाला तो बिघाड वारशाने मिळालेला नाही असाही त्याचा अर्थ होईल आणि त्या चाचणीला तो बिघाड दिसतच नाही असाही होईल, आणि यांतला खरा कोणता हे सांगण्याचे काही साधन कोणाकडे नसेल. म्हणून क्रम असा ठेवा : आधी दादांचे निदान पक्के करायचे, मग तुमच्या तपासणीचा विचार, तोही तुम्हाला हवा असेल तर आणि तुम्हाला हवा तेव्हा.

आता पुण्याच्या डॉक्टरांच्या म्हणण्याकडे वळू. मेंदूच्या आतल्या भागात मज्जापेशींचे लांब तंतू असतात आणि त्यांच्यावर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या आवरणामुळेच तो भाग पांढरा दिसतो आणि त्याच्यामुळेच संदेश वेगाने पोचतात. हे आवरण किंवा ते सांभाळणाऱ्या पेशी जनुकीय दोषामुळे बिघडल्या की होणाऱ्या आजारांना ल्युकोडिस्ट्रॉफी म्हणतात. हे आजार लहान मुलांचे, अशी समजूत डॉक्टरांमध्येही बराच काळ होती. प्रत्यक्षात यांतले अनेक आजार मोठेपणी सुरू होतात, आणि मोठ्या माणसात त्यांची सुरुवात स्वभाव बदलण्याने, निर्णय चुकण्याने, उदासीनतेने होत असल्याने पहिली भेट बहुधा मनोविकारतज्ज्ञांचीच होते. तुमच्या दादांच्या बाबतीत पहिल्या डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असे मला पत्रावरून वाटत नाही. पाय ओढू लागला आणि फिट आली, तेव्हा मात्र हे चित्र नैराश्याचे राहिले नव्हते.

तुम्ही लिहिलेली लक्षणे, वय आणि घराण्याचा इतिहास एकत्र पाहता न्यूरॉलॉजिस्टच्या मनात जो एक आजार लवकर येईल, त्याचे संक्षिप्त नाव एएलएसपी असे आहे. त्याचे निदान मी येथे करत नाही, पत्रावरून ते करता येत नाही आणि करूही नये. परंतु त्याची माहिती असेल, तर पुढच्या भेटीत काय विचारायचे हे तुम्हाला कळेल. १९३६ साली व्हॅन बोगार्ट आणि निस्सेन यांनी बेल्जियममध्ये आणि १९८४ साली स्वीडनच्या संशोधकांनी एका मोठ्या कुटुंबात अशा आजाराचे वर्णन केले. दोन्हींना वेगवेगळी नावे मिळाली आणि अनेक वर्षे ते दोन स्वतंत्र आजार मानले गेले. सीएसएफ-१-आर या जनुकाशी असलेला त्याचा संबंध २०११च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या, साफसफाई आणि संरक्षण करणाऱ्या पेशींना जिवंत राहण्यासाठी ज्या ग्राहीची, म्हणजे पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनाची, गरज असते, तो ग्राही हे जनुक तयार करते. ते बिघडले की या पेशी नीट काम करेनाशा होतात, आवरण झिजत जाते आणि मज्जातंतूंना जागोजागी फुगवटे येतात. (पुढे २०१९ मध्ये स्वीडनच्या त्या मूळ कुटुंबातला दोष भलत्याच जनुकात, एएआरएस-१ मध्ये, निघाला. एकसारख्या दिसणाऱ्या आजारांची मुळे किती वेगळी असू शकतात, हे त्यावरून ध्यानात यावे.)

हा इतिहास मी मुद्दाम सांगितला. तुमचे वडील २००४ साली गेले, तेव्हा या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध कोणालाच माहीत नव्हता. त्या काळात जिवंत माणसात हा आजार ओळखायचा तर मेंदूचा तुकडा काढून तपासावा लागे, आणि बहुतेकांचे निदान मृत्यूनंतरच्या तपासणीत होई. ‘मेंदू सुकला’ यापेक्षा अधिक कोणी काही सांगितले नाही याचे शल्य तुमच्या पत्रात जाणवते. पण वडिलांना मुंबईला किंवा परदेशात नेले असते, तरी त्यांचा आजार हाच असेल, तर रक्ताच्या चाचणीवरून त्याचे नाव त्या वेळी कोणीही सांगू शकले नसते. आईंनाही हे समजावून सांगा. आपण कमी पडलो, हे ओझे त्या वीस वर्षांहून अधिक काळ वाहत असाव्यात असे मला वाटते.

घराण्याच्या वंशावळीवरून बरेच काही कळते आणि तिला पैसे लागत नाहीत. वडील, आत्या आणि दादा, म्हणजे दोन पिढ्यांत तिघे, त्यांत स्त्रीही आणि पुरुषही. यावरून आई-वडिलांपैकी एकाकडून बिघडलेली एक प्रत मिळाली तरी होणारा, म्हणजे प्रभावी पद्धतीने उतरणारा आजार असावा असा अंदाज बांधता येतो. अशा आजारात प्रत्येक अपत्याला बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा की मुलगी, थोरला की धाकटा, याने त्यात फरक पडत नाही, आणि एका भावंडाला मिळाली म्हणून दुसऱ्याची शक्यता वाढत किंवा घटत नाही. याउलट, आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. आजी-आजोबांचे किंवा आई-वडिलांचे असे नात्यातले लग्न झाले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण मग दोन्हीकडून बिघडलेली प्रत मिळाल्यावर होणाऱ्या आजारांचाही विचार करावा लागतो. आत्यांची मासिक पाळी फार लवकर, तिशीतच बंद झाली होती का, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा. पांढऱ्या भागाच्या काही आजारांत बीजाशय अकाली थांबते, आणि एएआरएस-२ जनुकामुळे होणारा त्यांतला एक आजार एमआरआयवर एएलएसपीसारखाच दिसतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे निदान कसे झाले असेल ते सांगते, कारण ते खोडून काढता येते का हे पाहणे ही पुढची पायरी आहे. दोन्हींत एमआरआयवर पांढरे डाग दिसतात, दोन्ही ऐन कर्त्या वयात होतात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस कितीतरी अधिक आढळतो. त्यामुळे डॉक्टरांचे मन आधी तिकडे जाते. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये लक्षणे बहुधा झटक्याझटक्याने येतात आणि काही अंशी ओसरतात, मणक्यातील पाण्यात विशिष्ट प्रथिनांचे पट्टे बहुतेक वेळा सापडतात, मज्जारज्जूवरही डाग असतात आणि नवे डाग रंगद्रव्य टोचल्यावर चमकतात. एएलएसपीमध्ये आजार न थांबता पुढे सरकत राहतो, डाग मुख्यतः कपाळामागच्या आणि त्याच्या मागच्या भागात असतात, सुरुवातीला ते दोन्ही बाजूंना सारखे नसतात, मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम नावाचा पट्टा वयाच्या मानाने पातळ झालेला असतो आणि रंगद्रव्याने सहसा काही चमकत नाही. डिफ्यूजन नावाच्या एमआरआयच्या एका प्रकारात बारीक ठिपके उजळ दिसतात आणि ते महिनोनमहिने तसेच राहतात, हीही एक मोठी खूण आहे; पक्षाघातामुळे आलेला असा ठिपका काही आठवड्यांत मावळतो. दादांच्या मणक्यातील पाणी तपासले होते का, मानेचा एमआरआय काढला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. दोन्ही विचारून घ्या.

सीटी स्कॅन ही तुलनेने जुनी आणि स्वस्त तपासणी येथे फार कामाची आहे आणि नेमकी तीच राहून जाते, कारण एमआरआय झाल्यावर सीटी कशाला, असे सर्वांना वाटते. एएलएसपीच्या अनेक रुग्णांत मेंदूच्या पुढच्या पोकळ्यांलगत चुन्याचे अगदी बारीक कण साठतात. ते एमआरआयवर सहज निसटतात आणि जाड कापांच्या सीटीवरही निसटतात. एक मिलिमीटरच्या पातळ कापांचा सीटी काढून बाजूने पाहिले, तर ते एका ओळीत मांडलेले दिसतात. म्हणून ‘पातळ कापांचा सीटी, कॅल्सिफिकेशनसाठी’ असे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. घरात वडिलांच्या काळचे सीटीचे फिल्म कोठे ट्रंकेत किंवा माळ्यावर असतील, तर तेही शोधा. ते कितीही जुने आणि पिवळे पडलेले असले, तरी त्यांवर असा कण किंवा तो पातळ पट्टा दिसला, तर वडिलांचा आणि मुलाचा आजार एकच असल्याचा तो मोठा पुरावा ठरेल. दादांच्या प्रत्येक एमआरआयची सीडी जवळ ठेवा. कागदी अहवाल पुरत नाही. ज्या डॉक्टरांना हे आजार ठाऊक आहेत, त्यांनी चित्रे स्वतः पाहिली पाहिजेत.

जनुकीय चाचणीकडे वळण्यापूर्वी मी एका गोष्टीवर आग्रहाने थांबेन. जे आजार औषधाने बरे होतात किंवा आटोक्यात राहतात, ते आधी शोधले पाहिजेत. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, सर्रास आढळते आणि तीही मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या पांढऱ्या भागाला इजा करते. थायरॉइड, एचआयव्ही आणि सिफिलिस यांच्या चाचण्या व्हायला हव्यात. त्यांच्या नावांनी घरच्यांनी बिथरून जाऊ नये, हा नेहमीच्या तपासणीचा भाग आहे. प्रौढांच्या एमआरआयवरील पांढऱ्या डागांचे सर्वांत सामान्य कारण रक्तदाब आणि मधुमेह हे असते, म्हणून तेही पाहिले जाते. आनुवंशिक आजारांतही एक असा आहे की जो चुकला तर फार हळहळ वाटावी : सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस. त्यात लहानपणापासून जुलाब, कोवळ्या वयात मोतीबिंदू आणि पुढे टाचेमागच्या शिरेवर गाठी असा क्रम असतो. रक्तातील कोलेस्टॅनॉल मोजून तो ओळखता येतो आणि चेनोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध लवकर सुरू केले, तर नुकसान थांबवता येते. दादांच्या टाचा डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना लहानपणी दिसायला त्रास होता का, हे आईंना विचारा.

याच टप्प्यावर रक्तातील अतिदीर्घ शृंखलेची मेदाम्ले मोजतात. ती वाढलेली असतील तर तो ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हा आजार असतो आणि त्यात मूत्रपिंडावरच्या ग्रंथीही निकामी होतात. त्वचा काळवंडणे, विलक्षण थकवा आणि रक्तदाब घसरणे ही त्याची लक्षणे, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या वेळेवर न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. हा आजार एक्स गुणसूत्रावरून उतरतो आणि वडील मुलाला एक्स गुणसूत्र देत नाहीत. त्यामुळे वडिलांचा आणि दादांचा आजार एकच असेल तर हा आजार बाद होतो. पण वडिलांचे निदान झालेलेच नसल्याने ती साधी रक्तचाचणी गृहीत धरून सोडून देऊ नये. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीसाठी पांढऱ्या पेशींतील अरिलसल्फेटेज-ए हे विकर (एन्झाइम) मोजतात, परंतु ते कमी असूनही पूर्ण निरोगी असणारी माणसे असतात, म्हणून ते कमी आल्यास लघवीतील सल्फाटाइडची तपासणी जोडीला करावी लागते.

इतके झाल्यावर जनुकीय चाचणी करायची. एकेक जनुक तपासत बसण्यापेक्षा आता पांढऱ्या भागाच्या आजारांच्या अनेक जनुकांची एकत्र चाचणी किंवा एक्झोम चाचणी, म्हणजे जवळजवळ सर्व जनुकांच्या प्रथिने घडवणाऱ्या भागांची तपासणी, करतात, आणि त्यात सीएसएफ-१-आर बरोबरच कॅडासिल या मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचे नॉच-३ हे जनुकही येते. कॅडासिलही प्रभावी पद्धतीने उतरतो. त्यात अर्धशिशी आणि पक्षाघाताचे छोटे झटके ठळक असतात आणि कानशिलाजवळच्या भागाच्या पुढच्या टोकाला डाग दिसतात. मात्र एक्झोम चाचणीच्या मर्यादा नमुना देण्यापूर्वीच समजून घ्या. एखाद्या जनुकाची आख्खी जादा प्रत असेल, तर ती या चाचणीत निसटू शकते. लॅमिन-बी-१ जनुकाची अशी जादा प्रत चाळिशी-पन्नाशीत पांढऱ्या भागाचा आजार घडवते, आणि त्यात पाय अडखळण्याच्या कितीतरी आधी लघवीच्या आणि उभे राहताना रक्तदाब घसरण्याच्या तक्रारी सुरू होतात. जनुकातला छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाढत जाऊन होणारे आजारही ही चाचणी बहुधा पकडत नाही. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेला नॉच-२-एनएलसीचा दोष असाच आहे. तेव्हा एक्झोम चाचणीत काही निघाले नाही, म्हणजे आजार आनुवंशिक नाही असे कोणी म्हणाले, तर ते मान्य करू नका. त्या वेळी कोणती वेगळी चाचणी उरली आहे आणि हीच माहिती वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासून मिळेल का, हे विचारा.

अहवालात जनुकातील एखाद्या बदलाचे नाव आले, तरी त्याच्यापुढे काय लिहिले आहे ते महत्त्वाचे असते. ‘रोगकारक’ किंवा ‘बहुधा रोगकारक’ असे असेल, तर त्याचा आधार घेता येतो. ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा असेल, ज्याला डॉक्टर व्हीयूएस म्हणतात, तर त्यावरून दादांचे निदान पक्के झाले असे समजू नका आणि त्यावरून तुमची तपासणी तर मुळीच करू नका. फेरफार नोंद प्रमाणित झालेली नसताना कोणी शहाणा माणूस त्या जमिनीचा व्यवहार करत नाही, तसेच हे आहे. भारतीय लोकांची जनुकीय माहिती जगाच्या संग्रहात अजून अपुरी असल्याने असा अनिश्चित शेरा आपल्याकडे अधिक वेळा येतो. घरातल्या इतर आजारी आणि वयस्क निरोगी नातेवाइकांत तो बदल आहे की नाही हे पाहून कधी कधी कोडे सुटते. आत्यांना मुले असतील किंवा वडिलांची आणखी भावंडे हयात असतील, तर त्यांच्याशी आताच संबंध जोडून ठेवा.

हे सारे एकाच छताखाली व्हावे यासाठी न्यूरॉलॉजी आणि वैद्यकीय आनुवंशिकी हे दोन्ही विभाग एकमेकांशी बोलतात अशी संस्था निवडा. मुंबईचे केईएम रुग्णालय हे २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. बेंगळुरूची निमहान्स ही मेंदूच्या आजारांची राष्ट्रीय संस्था आहे. मिरजेहून दोन्हीकडे थेट रेल्वे आहे. त्या धोरणाखाली ठरावीक आजारांच्या उपचारासाठी उत्कृष्टता केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण यादीत नसलेल्या आजाराला ती मिळत नाही, म्हणून तिच्या भरवशावर आज कर्ज काढू नका.

निदान एएलएसपीचे झाले तर पुढे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी त्यातला एक भाग तुमच्याशी थेट निगडित आहे म्हणून लिहिते. हा आजार सरासरी त्रेचाळिशीच्या आसपास सुरू होतो, स्त्रियांत काही वर्षे आधी. विशीच्या आतबाहेर आणि सत्तरीनंतर सुरू झाल्याचीही उदाहरणे आहेत. तो पुढे सरकणारा आहे आणि तो बरा करणारे सिद्ध औषध आज नाही. फिट, स्नायूंचा ताठरपणा, मनाची उदासी आणि गिळण्याचा त्रास यांवर उपचार आहेत आणि ते मनापासून करावेत. मल्टिपल स्क्लेरोसिसची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे टळतात, हाही निदानाचा फायदाच आहे. आजार अगदी सुरुवातीला असताना दुसऱ्याच्या मूळपेशींचे रोपण केलेल्या काही रुग्णांत तो थांबल्याचे किंवा मंदावल्याचे प्रसिद्ध झालेले आहे. त्यात जिवाचा धोकाही आहे आणि दादांच्या टप्प्यावर त्याचा उपयोग होईल का, हे त्या विषयातले तज्ज्ञच सांगू शकतील.

अशा रोपणाची गोष्ट निघाली, तर दाता म्हणून सर्वांत आधी सख्ख्या बहिणीचे नाव पुढे येईल. दात्याच्या रक्तात तोच बिघाड नसावा लागतो. म्हणजे तुम्ही दादांसाठी रक्त द्यायला गेलात, आणि स्वतःबद्दलचे उत्तर, ऐकायची तयारी नसताना, तुमच्यापुढे येऊन उभे राहिले, असे होऊ शकते. भावासाठी तुम्ही एका पायावर तयार असाल याविषयी मला शंका नाही. म्हणूनच रोपणासाठीचा नमुना देण्यापूर्वी जनुकीय समुपदेशकाची भेट झालीच पाहिजे, आणि ती तुमची स्वतःची, दादांच्या उपचाराहून वेगळी भेट असली पाहिजे.

तुमच्या स्वतःच्या तपासणीविषयी माझे मत असे आहे. दादांच्या बिघाडाची जागा निश्चित झाली की तुमच्यासाठी ती एकच जागा तपासावी लागेल आणि उत्तर स्वच्छ येईल. ते जाणून घ्यावे की नाही, यात बरोबर-चूक काही नाही. काहींना अनिश्चितता सहन होत नाही, काहींना उत्तर कळल्यावर आयुष्य त्याच्याभोवतीच फिरेल अशी भीती वाटते, आणि दोघांचेही म्हणणे समंजस आहे. अशा चाचणीपूर्वी समुपदेशन, मध्ये विचारासाठी काही काळ आणि मग उत्तर ऐकायचे की नाही हे शेवटपर्यंत बदलता येण्याची मुभा, अशी पद्धत हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या अनुभवातून जगभर रूढ झाली आहे. तिचा आग्रह धरा. उत्तर ऐकताना तुमचे पती सोबत असावेत. दुसऱ्या अपत्याचा विचार दादांचे निदान होईपर्यंत थोडा लांबवणे मला श्रेयस्कर वाटते. बिघाड तुम्हालाही मिळालेला असेल, तर गर्भाशयात रुजवण्यापूर्वी भ्रूणाची तपासणी किंवा गर्भारपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशींची तपासणी हे मार्ग आहेत. १९९४च्या प्रसवपूर्व निदान कायद्यानुसार आनुवंशिक आजारासाठी अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते. गर्भाचे लिंग सांगण्यास मात्र तेथेही पूर्ण मनाई आहे.

तुमच्या भाचीची आणि तुमच्या मुलीची तपासणी आता करू नये. लहानपणी उत्तर कळून उपचारात काही फरक पडणार नसेल, तर तो निर्णय त्या मुलींनी सज्ञान झाल्यावर स्वतः घ्यायचा आहे. सतरा वर्षांच्या मुलीपासून वडिलांच्या आजाराचे नाव मात्र लपवू नका. तिने ते कुजबुजीतून ऐकण्यापेक्षा वहिनींकडून आणि तुमच्याकडून ऐकणे केव्हाही बरे.

नोटिशीचे उत्तर लवकर द्या, आणि दादांना कोणाच्याही दबावाखाली राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला काढून टाकता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद, आणि तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांखेरीज निर्माण केलेले जादा पद, द्यावे लागते. मेंदूच्या दीर्घकालीन आजारांचा समावेश त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. उत्तरासोबत न्यूरॉलॉजिस्टचे सध्याच्या स्थितीचे पत्र जोडा, आजाराचे अंतिम नाव नसले तरी चालेल, आणि जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. बँकेची खाती, विमा आणि घराची कागदपत्रे यांची मांडणी दादांना समजते आहे तोपर्यंत त्यांच्या संमतीने करून घ्या. वहिनींना आठवड्यातून काही तास तरी पूर्ण मोकळे मिळतील अशी व्यवस्था तुम्ही आणि त्यांच्या माहेरच्यांनी मिळून करावी.

राहिल्या आई. बाहेर समजू नये, हा त्यांचा हट्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींतून आला आहे. नणंदेचे काय झाले ते त्या विसरलेल्या नाहीत. गावाला सांगण्याची काही गरज नाही आणि डॉक्टरांवरही गोपनीयतेचे बंधन असते, एवढी हमी त्यांना द्या. त्यापुढे त्यांची संमती मागण्याऐवजी त्यांची मदत मागा, कारण वडिलांच्या आजाराची पहिली दोन वर्षे जवळून पाहिलेली आणि आज हयात असलेली व्यक्ती त्याच आहेत. पहिली चूक हिशेबात झाली की चालण्यात, ते कधी विनाकारण रडत किंवा हसत का, फिट आली होती का, हात थरथरत का, बोलणे आधी गेले की चालणे, आत्यांना पहिल्यांदा काय होऊ लागले आणि तेव्हा त्यांचे वय काय होते, आजोबा किंवा आजी कितव्या वर्षी आणि कशाने गेल्या, हे सगळे त्या बोलतील तसे एका वहीत लिहून घ्या. एका दिवसात सारे आठवणार नाही, म्हणून वही घरातच ठेवा आणि पुढच्या भेटीला जाताना ती सीडी आणि फिल्मसोबत न्या. आई यायला तयार असतील, तर त्यांनाही बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्याशी थेट बोलू द्या.